पिशवीचा कॅन्सर म्हणजे नेमका कशाचा?

मृत्यूच्या कागदावर एवढंच लिहिलेलं असतं: ‘पिशवीचा कॅन्सर’. सोलापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात बायका ‘पिशवी’ म्हणतात तेव्हा गर्भाशय, त्याचं तोंड, त्याचं अस्तर, शेजारचे बीजकोष असं सगळं त्या एका शब्दात येतं. सोलापुरात पूर्व भागात तेलुगूत विचारा, गर्भसंची. अक्कलकोटकडे कन्नडमध्ये विचारा, गर्भकोश. तिन्ही भाषांत पिशवीच, आणि घोळही तोच. गर्भाशयमुखाचा कॅन्सर एचपीव्ही विषाणूमुळे होतो. लस आणि वेळेवर तपासणी मिळाली तर तो बऱ्याच प्रमाणात टाळता येतो. गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर हा वेगळा आजार, त्याचं नातं लठ्ठपणाशी, मधुमेहाशी, संप्रेरकांशी. बीजकोषाचा तिसराच. नोंद करणाऱ्याने ‘पिशवी’ वाचून अंदाजाने ‘गर्भाशय’ लिहिलं की गर्भाशयमुखाचा एक रुग्ण कागदावरून गायब झाला. असे शंभर गेले की जिल्ह्याला लसीची फारशी गरज नाही असं आकडे सांगू लागतात.

कर्करोग नोंदणीचं काम इतकं खालून सुरू होतं. आशियातल्या देशांनी एकमेकांच्या मदतीने नोंदणी उभी करायची म्हटलं की परिषदा, करार, सॉफ्टवेअर यांचीच चर्चा होते. आमच्या मते खरी मदत ‘पिशवी’ या शब्दापाशी लागते.

आधी एक फरक स्पष्ट करून घेऊ. हॉस्पिटलचं रजिस्टर सांगतं की आमच्याकडे यंदा इतके रुग्ण आले. त्यावरून जिल्ह्यात आजार किती हे कळत नाही, कारण नावाजलेल्या हॉस्पिटलात लांबून माणसं येतात आणि जवळची कित्येक दुसरीकडे जातात. लोकसंख्येवर आधारित नोंदणीत हद्द ठरवलेली असते. त्या हद्दीत राहणाऱ्या प्रत्येक माणसाला झालेला प्रत्येक नवा कॅन्सर एकदाच नोंदवायचा. मग उपचार मुंबईत झाले असोत, हैदराबादला झाले असोत किंवा झालेच नसोत. ‘प्रत्येक’ आणि ‘एकदाच’ या दोन शब्दांपायी वर्षभर पायपीट असते.

आपल्याकडे मुंबईची नोंदणी इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६० च्या दशकात सुरू केली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाने १९८२ पासून बंगळूर, चेन्नई आणि मुंबईचे आकडे एका पद्धतीने गोळा करायला घेतले. सगळी मोठी शहरं. खेड्यात कॅन्सर किती, कोणता, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. १९८७ मध्ये बार्शीत देशातली पहिली ग्रामीण नोंदणी उभी राहिली. बार्शी, परांडा आणि भूम हे तीन तालुके, ३४६ गावं. मुंबईचं टाटा मेमोरियल आणि बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल त्यामागे होतं.

शहरातली पद्धत बार्शीत चालणारच नव्हती. शहरात नोंदणीचा माणूस हॉस्पिटलं आणि लॅब फिरतो, कारण रुग्ण तिथपर्यंत पोचलेला असतो. त्या काळी खेड्यातला रुग्ण कित्येकदा हॉस्पिटलची पायरी न चढताच जायचा. म्हणून बार्शीच्या कार्यकर्त्यांनी गावातच जायचं ठरवलं. सरपंच, शिक्षक, पोलीस पाटील, अंगणवाडीताई यांच्याशी ओळख ठेवायची, चार माणसं जमवून धोक्याची लक्षणं सांगायची: न भरणारी तोंडातली जखम, पाळी गेल्यावरचं रक्त, स्तनातली गाठ, गिळताना अडकणं. मग असं कुणी आहे का हे विचारायचं, त्या माणसाला तपासणीसाठी राजी करायचं आणि निदान झालं की नोंद करायची. नोंदणी आणि जनजागृती इथे एकाच सायकलवरून फिरली. अशा नोंदणीचे आकडे टिकतील का, अशी शंका घेतली गेली होती. पण बार्शीचे आकडे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या, म्हणजे आयएआरसीच्या ‘कॅन्सर इन्सिडन्स इन फाइव्ह कॉन्टिनेन्ट्स’ या ग्रंथमालेत स्वीकारले गेले आणि तिथे कच्चा माल चालत नाही.

याचा उपयोग काय झाला तेही सांगायला हवं. शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, ५२ ग्रामसमूहांतल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर एक मोठा अभ्यास झाला. निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. जगभरच्या तपासणी धोरणांत या निष्कर्षाचा आधार घेतला जातो. तुलनेच्या गटाला तपासणी दिली नव्हती, त्यावरून पुढे वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. पण कोणत्या गटातली कोणती बाई आजारी पडली, कोण दगावली, हे आठ वर्षं धरून ठेवलं ते नोंदणीच्या यंत्रणेने. नोंदणी नसती तर मृत्यू निम्मे झाले हे कुणाला कळलंच नसतं.

आता आशियाकडे पाहू. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार जगात वर्षाला सुमारे २ कोटी नवे रुग्ण, त्यातले जवळपास निम्मे आशियात, आणि मृत्यूंपैकी ५६ टक्के आशियात. भारताचा अंदाज १४ लाखांच्या पुढे. यातल्या ‘अंदाज’ या शब्दाकडे लक्ष द्या. भारतातली नोंदणी देशाच्या साधारण दहा टक्के लोकसंख्येपुरती आहे. बाकीचं गणित त्यावरून बसवलेलं असतं. अनेक शेजारी देशांत तर त्याहून पातळ पाया आहे.

आशियात नोंदणी नवी मुळीच नाही. अणुबॉम्बनंतर किरणोत्साराचे परिणाम मोजायचे म्हणून हिरोशिमात १९५७ ला आणि नागासाकीत १९५८ ला नोंदणी सुरू झाली. सिंगापूरची १९६८ पासून आहे. कोरियात १९८० ला हॉस्पिटलांपासून सुरुवात झाली आणि १९९९ पासून पूर्ण देश नोंदणीखाली आला. तिथे प्रत्येक नागरिकाला निवासी क्रमांक असतो, त्यामुळे एक माणूस तीन हॉस्पिटलांत गेला तरी तो एकच आहे हे क्षणात कळतं. जपानमध्ये प्रांतागणिक नोंदणी होती, दर्जा कमीजास्त होता. जानेवारी २०१६ पासून कायदा लागू झाला आणि हॉस्पिटलांना कळवणं बंधनकारक झालं. भारतात देशपातळीवर अशी सक्ती नाही, काही राज्यांनी आपापल्या पातळीवर केली आहे. बाकी ठिकाणी नोंदणीचा माणूस रेकॉर्ड रूमच्या दाराशी उभा राहून विनंती करतो. आत जाऊ द्यायचं की नाही हे तिथल्या कारकुनाच्या मर्जीवर.

म्हणूनच कोरियाची पद्धत उचलून सोलापुरात लावता येत नाही, पण नेपाळची अडचण सोलापूरला लगेच समजते आणि बार्शीचा उपाय नेपाळला. नेपाळने २०१८ मध्ये काठमांडू खोरं आणि काही जिल्हे धरून लोकसंख्येवर आधारित नोंदणी सुरू केली. तिथेही गावपातळीवरच्या स्वयंसेविका आहेत, डोंगर आहेत, आणि उपचारासाठी सीमा ओलांडून भारतात येणारे रुग्ण आहेत. भूतानमधून सरकारी खर्चाने कोलकाता आणि वेल्लोरला रुग्ण पाठवले जातात. त्या रुग्णांची यादी ठेवणारी फाइल भूतानच्या नोंदणीसाठी कुठल्याही लॅबइतकीच महत्त्वाची. आपल्याकडेही तेच: सोलापूरचा रुग्ण पुणे, मुंबई, मिरज, हैदराबाद इथे विखुरलेला. हद्दीबाहेरची माहिती हद्दीत परत कशी आणायची, हा भूतानचा आणि आपला सारखाच प्रश्न.

एक नोंद कशी घडते ते जवळून पाहू. समजा अक्कलकोट तालुक्यातल्या एका गावातली, अंदाजे ५२ वर्षांची बाई. १२ मार्चला सोलापुरात तपासणीसाठी गाठीचा तुकडा (बायोप्सी) काढला. १६ तारखेला लॅबचा रिपोर्ट आला: गर्भाशयमुख, स्क्वॅमस सेल कार्सिनोमा (हा पेशीचा प्रकार), मध्यम विभेदित (म्हणजे पेशी मूळ रूपापासून मध्यम बदललेल्या). नातेवाइकांनी स्लाइड मुंबईला नेली, तिथला रिपोर्ट ४ एप्रिलचा. लाईट, म्हणजे किरणोपचार, बार्शीत घेतली, फाइल उघडली २० एप्रिलला. आता नोंदणीकडे तीन ठिकाणांहून तीन चिठ्ठ्या आल्या. एकीवर नाव लक्ष्मीबाई, दुसरीवर लक्ष्मी, तिसरीवर इंग्रजी स्पेलिंग बदलल्याने लचमाबाई असं वाचलं जाणारं काहीतरी. वय ५२, ५०, ५५. पत्ता एकीवर गावाचा, एकीवर सोलापुरातल्या भावाच्या घराचा, एकीवर नुसतं ‘सोलापूर’.

नोंद एकच व्हायला हवी. त्यासाठी नाव सोडून बाकीच्या खुणा जुळवायच्या: लिंग, साधारण वय, नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव, गाव, अवयव, पेशीचा प्रकार, तारखांचा क्रम. आयएआरसीचं मोफत मिळणारं कॅनरेग सॉफ्टवेअर अशा खुणांना वजन देऊन संशयित जोड्या पुढे टाकतं, पण शेवटचा निर्णय माणसाचाच. निदानाची तारीख कोणती धरायची याला ठरलेला क्रम आहे. सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा खात्री झाली ती तपासणी धरायची, आणि त्यातही तुकडा काढल्याचा दिवस, म्हणजे १२ मार्च. तो कागदावर नसेल तर लॅबला नमुना पोचल्याची तारीख, तीही नसेल तर रिपोर्टची. हॉस्पिटलात दाखल झाल्याची तारीख त्यानंतर येते. बार्शीची २० एप्रिल धरली तर एकदोन महिन्यांचा फरक पडतो. डिसेंबरात तुकडा आणि जानेवारीत फाइल असेल तर रुग्ण चुकीच्या वर्षात जातो आणि पुढे जगण्याचा कालावधी मोजताना सगळं सरकतं.

मग कोड, म्हणजे अवयव आणि पेशीप्रकार यांच्यासाठी जगभर ठरलेले आकडे. अवयवासाठी सी ५३.९, पेशीसाठी ८०७०, तिरक्या रेषेपुढे ३ म्हणजे पसरू शकणारा घातक, त्यापुढचा २ म्हणजे मध्यम विभेदित. निदानाचा आधार: मूळ गाठीचा तुकडा तपासला म्हणून ७. सुईने तपासलं असतं तर ५, फक्त सोनोग्राफी किंवा स्कॅन असतं तर २, नुसतं डॉक्टरांनी बघून सांगितलं असतं तर १, आणि मृत्यूच्या दाखल्याशिवाय हाती काहीच नसेल तर ०. शेवटी बाईंचं राहण्याचं ठिकाण. राष्ट्रीय कार्यक्रमाचा नियम सोपा आहे: आजाराचं निदान होण्याआधी हद्दीत किमान एक वर्ष राहिलेली व्यक्ती. भावाच्या घरी दोन महिने उतरलेली बाई सोलापूर शहराची होत नाही, अक्कलकोटची राहते. हे उलटंही तपासावं लागतं. कलबुर्गी, विजयपूर, लातूरकडून सोलापुरात येणारे रुग्ण नातेवाइकांचा पत्ता देतात. ते आपल्याकडे मोजले गेले तर आपला दर फुगतो आणि त्यांचा जिल्हा निरोगी दिसतो.

चुका कुठे होतात? तोंडाच्या कॅन्सरमध्ये फार. केसपेपरवर घाईत ‘गालाचा कॅन्सर’ लिहिलेलं असतं. आतल्या बाजूचा असेल तर सी ०६.०, चेहऱ्याच्या कातडीचा असेल तर सी ४४.३. गालाच्या आणि हिरडीच्या मधल्या खाचेत, जिथे तंबाखूची गोळी धरली जाते तिथला असेल, तर सी ०६.१. खालच्या हिरडीचा सी ०३.१. विडी कामगार असलेल्या, मिसरी लावणाऱ्या बायकांच्या या शहरात हा फरक पुसला जाणं परवडणारं नाही. जिभेचा पुढचा भाग आणि मूळ हेसुद्धा वेगळे, कारण आणि उपचार दोन्ही बदलतात. ‘घशाचा’ म्हणून लिहिलेल्यात स्वरयंत्र, घशाचा वरचा आणि खालचा भाग, कधी अन्ननलिकाही निघते. ‘पोटाचा’ लिहिलेल्यात जठर, आतडं, यकृत, बीजकोष, काहीही.

सर्वांत महागात पडणारी चूक यकृताची. रिपोर्ट म्हणतो, यकृतात पसरलेला अॅडिनोकार्सिनोमा (ग्रंथीच्या पेशींचा कॅन्सर). नवखा माणूस यकृताचा कॅन्सर लिहून मोकळा होतो. तो यकृतात आलेला आहे, तिथे सुरू झालेला नाही. मूळ शोधायचं, आतड्यात किंवा स्तनात सापडलं तर तिथे नोंदवायचं, नाहीच सापडलं तर सी ८०.९, मूळ अज्ञात. मानेच्या गाठीतून निघालेल्या स्क्वॅमस कार्सिनोमाचंही तेच. आणि दोन्ही स्तनांत एकाच पेशीप्रकाराचा कॅन्सर आला तर आंतरराष्ट्रीय नियमाने नोंद एकच. नव्या कार्यकर्त्यांना हे पटत नाही, पण सगळ्या देशांनी सारखाच नियम पाळला नाही तर कोलंबो आणि सोलापूर यांची तुलना करताच येणार नाही.

नावांचा मामला आशियाभर वेगवेगळ्या तऱ्हेने सतावतो, आणि यात एकमेकांकडून शिकण्यासारखं खूप आहे. म्यानमारमध्ये आडनावच नसतं. इंडोनेशियात अनेकांना एकच नाव. व्हिएतनाममध्ये आडनावांची संख्या इतकी थोडी की न्गुयेन लिहून काहीच ओळख पटत नाही. आपल्याकडे माहेरचं नाव, सासरचं नाव, घरातलं नाव, आणि मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू भाषकांची नावं इंग्रजीत लिहिताना होणारी ओढाताण. उपाय बहुतेक ठिकाणी सारखाच निघाला: स्पेलिंगवर विसंबायचं नाही, दुसरी-तिसरी खूण पहिल्या भेटीतच लिहून घ्यायची. आपल्याकडे नवऱ्याचं नाव आणि मोबाइल नंबर या दोन खुणा सर्वांत उपयोगी. नंबर मुलाचा असला तरी चालतो.

वयाचंही तसंच. माणसं ५०, ५५, ६० असं गोळाबेरीज वय सांगतात आणि आलेखात त्या वयांवर सुळके दिसतात. विचारण्याची पद्धत बदलली की वय सुधारतं. ‘बहात्तरच्या दुष्काळात तुमचं लग्न झालं होतं का?’ ‘किल्लारीच्या भूकंपाला थोरला कितवीत होता?’ भूकंप १९९३ चा, थोरला तेव्हा पाचवीत, लग्न त्याच्या जन्माच्या दोन वर्षं आधी, लग्नात वय सतरा-अठरा. चार वाक्यांत वय दोनेक वर्षांच्या फरकात येतं. अशा स्थानिक घटनांची यादी प्रत्येक नोंदणीने स्वतःची करायची असते. काठमांडूची यादी वेगळी, सोलापूरची वेगळी.

मृत्यूंकडे येऊ. नोंदणी किती पूर्ण आहे हे मृत्यूच्या कागदांवरून कळतं, आणि आपली बाजू तिथेच सर्वांत लंगडी. हॉस्पिटलात मृत्यू झाला तर डॉक्टरांनी नमुना ४ मध्ये कारण भरायचं, घरी झाला तर नमुना ४ अ. गावात नोंद ग्रामसेवकाकडे. कारणाच्या रकान्यात ‘वृद्धापकाळ’ किंवा ‘हृदयक्रिया बंद पडून’. हृदय सगळ्यांचंच बंद पडतं; कशामुळे, ते लिहायचं असतं. म्हणून ग्रामपंचायतीचं रजिस्टर बघून थांबायचं नाही. ४० ते ७० वयातल्या प्रत्येक मृत्यूबद्दल आशाताईंना विचारायचं: आजारी किती दिवस होते, लाईट-केमो घेतली होती का, कुठे दाखवलं होतं. नाव कळलं की मागे जाऊन मूळ फाइल शोधायची. ती सापडली तर नोंद भक्कम होते. सगळं शोधूनही काहीच हाती लागलं नाही, तरच ‘फक्त दाखल्यावरून’ हा शिक्का.

आकडे खरे की खोटे, हे ओळखायच्या खुणा यातूनच तयार होतात. सूक्ष्मदर्शकाने खात्री झालेल्या नोंदींचं प्रमाण शंभराच्या जवळ असेल तर खूश होऊ नये. याचा अर्थ नोंदणी फक्त लॅबवर जगते आहे आणि तुकडा न काढता गेलेले फुप्फुस, यकृत, मेंदूचे रुग्ण तिच्या हाती लागलेलेच नाहीत. एखाद्या कॅन्सरचे मृत्यू आणि नव्या नोंदी यांचं गुणोत्तर पाहावं. अन्ननलिकेत ते ०.९ च्या आसपास आलं तर समजण्यासारखं, आजारच तसा. स्तनाच्या कॅन्सरमध्ये ०.९ आलं तर नव्या रुग्णांच्या नोंदी सुटत आहेत असं समजून फेरी पुन्हा मारावी.

२०१२ ते २०१६ या काळात मिझोराममधल्या ऐझॉल जिल्ह्यात पुरुषांमधला वय-समायोजित दर (म्हणजे लोकसंख्येतल्या वयाचा फरक वजा करून काढलेला) लाखाला २६९.४ होता आणि उस्मानाबाद-बीडमध्ये ३९.५, देशातल्या नोंदण्यांत सर्वांत कमी. आपल्या भागात कॅन्सर खरोखर इतका कमी, की नोंदी सुटल्या? दोन्ही बोलणारे भेटतात. बार्शी परिसरात गावोगाव विचारण्याची चार दशकांची सवय आहे, त्यामुळे दर खरोखरच कमी आहे असं मानायला आमच्या मते जागा आहे. पण हे ‘मत’ ठेवून चालत नाही. दर काही वर्षांनी काही गावं चिठ्ठी टाकून निवडावीत, आधीची यादी हातात न देता दुसऱ्या गटाकडून पुन्हा शोध घ्यावा, आणि या फेरीत सापडलेल्यांपैकी किती आपल्याकडे आधीपासून होते ते मोजावं.

आता सहकार्याबद्दल. फ्रान्समधल्या ल्योंच्या आयएआरसीने २०११ मध्ये नोंदण्या उभारण्याचा जागतिक उपक्रम हाती घेतला. त्यात प्रादेशिक केंद्रांची कल्पना होती: प्रत्येक देशाने थेट युरोपकडे बघण्यापेक्षा जवळच्या अनुभवी नोंदणीकडे बघावं. दक्षिण, पूर्व आणि आग्नेय आशियासाठीचं केंद्र मुंबईला टाटा मेमोरियलमध्ये आहे, पश्चिम आणि मध्य आशियासाठी तुर्कस्तानात इझमीरला. चेन्नईच्या कॅन्सर इन्स्टिट्यूटसारख्या जुन्या संस्था सहयोगी केंद्र म्हणून जोडलेल्या आहेत. केंद्राचं काम साधारण असं चालतं: आधी तज्ज्ञ प्रत्यक्ष येऊन स्रोत, माणसं, कायदा आणि कागदपत्रं पाहतात, लेखी शिफारशी देतात; मग कोडिंग, कॅनरेग, दर्जा तपासणी, विश्लेषण यांची प्रशिक्षणं; मग वर्षभर फोन-ईमेलवर पाठीशी कुणीतरी. शिकलेल्यांतून पुढे प्रशिक्षक घडवले जातात, म्हणजे पुढच्या शिबिराला बाहेरून माणूस आणावा लागू नये.

यातलं काय टिकतं आणि काय वाहून जातं? चार दिवसांचं शिबिर एकट्याने टिकत नाही. शिकून आलेला माणूस कंत्राटी असतो, वर्षभरात दुसरी नोकरी धरतो आणि कोडिंगचं ज्ञान त्याच्याबरोबर जातं. म्हणून कुठल्याही करारात प्रशिक्षणाआधी पदांचा प्रश्न सोडवावा: किमान दोन माणसं कायम, आणि दोघांनाही एकत्र पाठवावं. दुसरी नेहमीची चूक म्हणजे सॉफ्टवेअर आधी बसवणं. संगणक येतो, फीत कापली जाते, आणि लॅबवाले रिपोर्ट द्यायला तयार नसतात. आधी प्रत्येक स्रोताशी लेखी परवानगी, मग संगणक. तिसरी चूक लपून राहते: शेजारी देशाचा कोडिंग करणारा आणि आपला, दोघांनी एकाच रिपोर्टला वेगळे कोड दिले तरी कुणाला कळत नाही. यावर सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी उपाय आहे. नावं काढून टाकलेले पन्नास रिपोर्ट सहा नोंदण्यांना एकाच दिवशी पाठवावेत, सगळ्यांनी स्वतंत्र कोड द्यावेत, आणि मतभेद झालेल्या रिपोर्टांवर तासभर बोलावं. त्या तासात ‘गालाचा कॅन्सर’ सुटतो, यकृतही सुटतं. परिषदेच्या भाषणांपेक्षा हा तास आम्हाला मोलाचा वाटतो.

सीमेपलीकडे माहिती जाताना नाव, गाव, नंबर जाऊ द्यायचे नाहीत. फक्त आकडे किंवा ओळख पुसलेल्या नोंदी. रुग्णाची बातमी गावात फुटली तर मुलीचं लग्न मोडतं हे आपण सगळे जाणतो. कार्यकर्त्याच्या पिशवीतली वहीसुद्धा कुलपात राहिली पाहिजे.

सोलापूरएवढ्या जिल्ह्याला किती माणसं लागतील याचं गणित करून पाहू. २०११ च्या जनगणनेत ४३,१७,७५६ लोक, ११ तालुके. पुढची जनगणना वेळेवर झाली नाही, त्यामुळे छेदाचा आकडा, म्हणजे दर काढताना ज्याने भागायचं ती लोकसंख्या, हा वेगळाच डोकेदुखीचा विषय; भिवंडीकडे गेलेली विणकर कुटुंबं आणि ऊसतोडीच्या हंगामात बाहेर असलेली माणसं धरून तो अंदाजानेच पुढे न्यावा लागतो. लाखाला ७० नवे रुग्ण असं गृहीत धरलं तर वर्षाला सुमारे ३,००० नोंदी. प्रत्येकीच्या सरासरी अडीच चिठ्ठ्या म्हणजे ७,५००. कामाचे २५० दिवस धरले तर रोज ३०. नीट फाइली असलेल्या ठिकाणी एक माणूस दिवसात आठ-दहा चिठ्ठ्या भरतो, विखुरलेल्या जुन्या कागदांत चारच. म्हणजे फिरणारे पाच जण, कोडिंगला एक, नोंदी जुळवायला एक, आठवड्यातून एक दिवस पॅथॉलॉजिस्ट, आणि वर्षाअखेरीस आकडेशास्त्र जाणणारा कुणी. मोटरसायकलचं पेट्रोल वेळेवर मिळालं पाहिजे. ते थांबलं की लांबच्या तालुक्यांच्या फेऱ्या थांबतात, आणि दोन वर्षांनी आलेखात सांगोला-करमाळ्यात कॅन्सर कमी झालेला दिसतो.

पहिल्या वर्षाचे आकडे प्रसिद्ध करू नयेत. त्या वर्षी आधीच्या दोन-तीन वर्षांत निदान झालेले जुने रुग्णही नवे म्हणून आत येतात, कारण कार्यकर्ता पहिल्यांदाच गावात पोचलेला असतो. प्रत्येकाला विचारायचं, ‘पहिल्यांदा तुकडा कधी काढला?’ आणि तारीख नोंदणी सुरू होण्याआधीची असेल तर चिठ्ठी वेगळ्या पेटीत. एखादं वर्ष संपल्यावरही त्याचे आकडे लगेच बंद करायचे नाहीत. मुंबई-हैदराबादच्या फाइली आणि मृत्यूचे कागद यायला वर्ष-दीड वर्ष जातं.

आणि पहिल्या महिन्यातलं पहिलं काम: ‘पिशवी’साठी तीन भाषांत तीन प्रश्न लिहून कार्यकर्त्यांच्या हाती द्यावेत. पाळी गेल्यानंतर रक्त गेलं का? तपासणी करताना डॉक्टरांनी खालून तुकडा काढला, की पिशवीच काढून टाकली? लाईट दिली तेव्हा आतूनही नळी घालून दिली का? आतून दिली असेल तर बहुधा पिशवीच्या तोंडाचा. मग ज्या हॉस्पिटलचं नाव घरचे सांगतील तिथली जुनी फाइल मागवायची, आणि ती येईपर्यंत चिठ्ठीवर पेन्सिलनेच लिहायचं.